बालाघाटातील उघड्यावरचा मुक्काम : जमीन कोणाची, रीत कोणती?

बीड : दिवाळी सरते, माळावरचे गवत पिवळे पडू लागते आणि बालाघाटाच्या वाटांवर मेंढपाळांचे वाडे दिसू लागतात. पुढे घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडे, मागे मेंढ्यांचा कळप, कडेने कुत्री आणि सर्वांत शेवटी घोंगडी पांघरलेला एखादा वृद्ध. दिवस मावळतीला आला की सपाट जागा पाहून वाघर ठोकली जाते, तीन दगडांची चूल पेटते आणि उघड्या आकाशाखाली एक रात्र काढून वाडा पुढे सरकतो. अलीकडे याच डोंगरात आणखी एक मुक्काम दिसतो. शहरांतून आलेली तरुण मंडळी पाठीवरच्या पिशवीतून तंबू काढतात, चांदण्यात रात्र घालवतात आणि सकाळी परत फिरतात. पाश्चात्त्य देशांत सरकारी डोंगररानात, कोणत्याही सोयीविना, ठरलेल्या तळाबाहेर असे राहण्याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ असे नाव आहे. आपल्याकडे त्याला स्वतंत्र नाव नाही आणि स्वतंत्र नियमही नाही. त्यामुळेच बीड जिल्ह्याच्या डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्याने काही गोष्टी आधी जाणून घेणे आवश्यक ठरते. त्यांतील पहिली गोष्ट अशी, की निर्मनुष्य दिसणारा हा माळ बेवारस नाही.

डोंगराची ओळख

सह्याद्रीच्या हरिश्चंद्र रांगेचा पूर्वेकडे गेलेला फाटा म्हणजे बालाघाट. अहिल्यानगर जिल्ह्यातून (पूर्वीचे अहमदनगर) तो बीडमध्ये शिरतो आणि पुढे धाराशिव, लातूर, नांदेडकडे जातो. या रांगेने बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची काळ्या मातीची गंगथडी आणि दक्षिणेला घाटावरचा खडकाळ, मुरमाड प्रदेश. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या तालुक्यांत डोंगराचे लहानमोठे कडे, दरे आणि पठारे पसरली आहेत.

सह्याद्रीच्या माथ्यावर फिरलेल्या माणसाला बालाघाट ठेंगणा वाटतो. येथे उत्तुंग सुळके नाहीत, घनदाट अरण्य नाही. मात्र ही रांग पाणी वाटून देणारी आहे. सिंदफणा आणि बिंदुसरा येथेच उगम पावून गोदावरीच्या खोऱ्यात जातात. मांजराही पाटोदा तालुक्यातील डोंगरात जन्म घेऊन दूरचा फेरा मारून गोदावरीलाच मिळते. सौताड्याच्या कड्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र दक्षिणेकडे वळून सीनेला आणि तिच्याद्वारे भीमेला मिळते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचे काही थेंब गोदावरीतून, तर काही कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातात.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून वनाखालील क्षेत्र जेमतेम दोन-अडीच टक्के आहे. वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६६६ मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. बोर, बाभूळ, हिवर, खैर, धावडा आणि सीताफळ ही येथील मुख्य झाडे. थोडे वन, थोडे पाणी आणि त्यावर विसंबून असणारी असंख्य माणसे व जनावरे हे या डोंगराचे खरे चित्र होय. मुक्कामाचे सर्व नियम याच वस्तुस्थितीतून निघतात.

आधीपासूनचे मुक्कामी

बालाघाटात उघड्यावर राहणे ही हौस होण्यापूर्वी कित्येक पिढ्या ती उपजीविका होती. धनगर मेंढपाळ पावसाळ्यात माथ्यावरच्या माळांवर आणि पिके निघाल्यावर खालच्या रिकाम्या रानांत कळप फिरवतात. त्यांच्या मुक्कामाला ‘तळ’ म्हणतात. तळ कोठे पडावा याचे गणित पक्के असते. जमीन किंचित उताराची हवी, म्हणजे पाणी साचत नाही. वाऱ्याला आडोसा हवा. पाणी चालत जाण्याच्या अंतरावर असावे, परंतु अगदी काठावर नसावे, कारण रात्री जनावरे पाण्यावर येतात. वाघर म्हणजे दोरखंडाची जाळी. मेंढ्या तिच्या आत राहतात आणि माणसे व कुत्री तिच्या कडेने झोपतात.

शेतकरी आपल्या रानात मेंढ्या ‘बसवून’ घेतो. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. या व्यवहारामुळे पाहुण्याची गणना उपद्रवात होत नाही, तो उपयोगाचा ठरतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांचा अभ्यास करताना धनगरांच्या याच भटक्या जीवनाचा माग काढला. दख्खनच्या कोरड्या पठारावरील अनेक देवस्थाने या वाटांशी जोडलेली आहेत, हे त्यांच्या लेखनातून अभ्यासकांसमोर आले.

मेंढपाळांखेरीज आषाढीचे वारकरीही येथील जुने मुक्कामी. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी रायमोहा, पाटोदा या मार्गाने बालाघाट ओलांडते. मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते, तर शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईमार्गे पंढरीकडे जाते. कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी वीरशैव भाविक दिंड्या घेऊन कपिलधारच्या दरीत उतरतात. हे मुक्काम हजारोंचे असले, तरी त्यांची जागा, दिवस आणि यजमान गाव ठरलेले असते.

तिसरा मुक्काम मात्र सक्तीचा आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने पाचट, बांबू व प्लॅस्टिकच्या कोपीत काढतात. ज्या जिल्ह्यातील इतकी माणसे नाइलाजाने उघड्यावर राहतात, तेथे हौसेने उघड्यावर राहायला येणाऱ्याने गावकऱ्यांच्या नजरेतील कुतूहल आणि किंचित अविश्वास समजून घेतला पाहिजे.

जमीन कोणाची?

स्वीडनमध्ये कोणाच्याही मोकळ्या रानात एखादी रात्र राहण्याचा हक्क परंपरेने सर्वांना आहे. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने तो मान्य केला. अमेरिकेत राष्ट्रीय वनांत आणि केंद्राच्या अखत्यारीतील जमिनींवर, सामान्यतः एका जागी चौदा दिवसांपर्यंत, विनामूल्य तंबू टाकता येतो. भारतात असा सर्वसाधारण हक्क नाही. सरकारी जमीन म्हणजे ‘सर्वांची’ जमीन हा समज येथे कामाचा नाही. बालाघाटात मुक्कामी माणसाला ढोबळमानाने पाच प्रकारच्या जमिनी भेटतात.

पहिला प्रकार वनजमिनीचा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवानगी शिरणे, झाड तोडणे, विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे या बाबी गुन्ह्याच्या कक्षेत येतात. संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय येथे रात्र काढू नये.

दुसरा प्रकार अभयारण्याचा. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. मांजरसुंबा-पाटोदा मार्गालगतच्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.८९ चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार येथे प्रवेशावरच निर्बंध आहेत. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा कारणांसाठी कलम २८ खाली परवाना मिळू शकतो. कलम ३० ने आग लावण्यास आणि कलम ३१ ने शस्त्र घेऊन शिरण्यास मनाई केली आहे. मोरांच्या विणीचा काळ पावसाळ्याचा असतो. त्या दिवसांत गवतातून फिरणेही घरट्यांच्या मुळावर येऊ शकते.

तिसरा प्रकार गायरानाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरण व अन्य सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेली ही जमीन शासनाची असते आणि तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. गायरान हा बीड जिल्ह्यातील अत्यंत हळवा विषय आहे. भूमिहीन दलित कुटुंबांनी पडीक गायराने कसून त्यांवर हक्क सांगितला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून हा प्रश्न राज्यात गाजत आहे. बीड जिल्ह्यात मानवी हक्क अभियानाचे एकनाथ आव्हाड यांनी तो पुढे अनेक वर्षे लावून धरला. दुसऱ्या बाजूला गावाच्या गुरांना चरायला जागा उरत नाही, ही तक्रारही जुनीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. अशा जमिनीवर अचानक चार तंबू उभे राहिले, तर कसणाऱ्याला ती मोजणीची चाहूल वाटते आणि गुराख्याला नवे अतिक्रमण. म्हणून सरपंच किंवा ग्रामसेवकाला विचारल्याशिवाय गायरानात मुक्काम करू नये.

चौथा प्रकार देवस्थानच्या जमिनींचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देवळे, मठ आणि दर्गे यांच्या सेवेसाठी त्या काळापासून इनाम दिलेल्या जमिनी आजही नोंदींत वेगळ्या ओळखल्या जातात. डोंगरातील मठ-मंदिरांभोवतालचा माळ बहुधा याच वर्गात मोडतो. येथे देवस्थानची परवानगी लागते. रीतसर विचारले, तर धर्मशाळा, मंडप किंवा किमान पाण्याची सोय मिळण्याची शक्यता असते.

पाचवा प्रकार खासगी जमिनीचा. पठारावर वाऱ्याच्या टप्प्यात उभ्या असलेल्या पवनचक्क्या, त्यांचे रस्ते आणि आवार यांपासून दूर राहावे. शेतकऱ्याच्या रानात मात्र, पीक निघाल्यावर आणि मालकाने होकार दिल्यावर, निर्धास्तपणे राहता येते. नवख्या माणसासाठी हा पाचवा मार्गच सर्वांत सोपा आणि सुरक्षित आहे. सातबारा आणि गाव नकाशा भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. त्यामुळे गट क्रमांक कळला, की जमिनीचा प्रकार घरबसल्या तपासता येतो.

मेंढपाळांची अडचण या यादीच्या पलीकडची आहे. वनहक्क कायदा, २००६ ने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क कलम ३ मध्ये नमूद केला आहे. परंतु आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. सतत फिरणाऱ्या माणसाने एका जागेचा पुरावा कोठून आणावा, हा प्रश्न त्यामुळे उभाच राहतो.

जागेची निवड

मांजरसुंब्याजवळील कपिलधार, पाटोदा तालुक्यातील सौताडा आणि अंबाजोगाईजवळील मुकुंदराजांच्या समाधीचा परिसर ही डोंगर पाहण्यासाठी परिचित स्थळे आहेत. मात्र तीर्थस्थळ आणि धबधब्याचा काठ या मुक्कामाच्या जागा नव्हेत. दिवसा ती पाहावीत आणि रात्री जवळच्या गावात किंवा वस्तीलगतच्या रानात राहावे. धारूरचा किल्ला ही संरक्षित वास्तू असल्याने तेथेही तळ ठोकू नये.

ओढ्याच्या पात्रातील वाळू मऊ आणि सपाट असते, पण ती फसवी असते. बालाघाटातील ओढे उथळ मातीचे, तीव्र उताराचे आहेत. वर माथ्यावर पडलेला पाऊस खाली काही वेळातच लोंढा होऊन येतो. बिंदुसरेला जुलै १९८९ मध्ये आलेल्या महापुराची आठवण बीड शहरात आजही काढली जाते. परतीच्या पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरमध्येही, पात्रापासून उंचावरच राहावे.

डोंगर उतारावर ठिकठिकाणी समतल चर खोदलेले आहेत. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे पहिले वर्ष २०१६. त्या वर्षी राज्यातील जे तीन तालुके निवडले गेले त्यांत अंबाजोगाई होता. तेथे आणि पुढे अन्य तालुक्यांतही गावकऱ्यांनी श्रमदानातून असे चर काढले. अंधारात ते दिसत नाहीत आणि पाय मुरगळतो. तंबू सपाट बसावा म्हणून चराचा बांध फोडणे हा तर एका गावाच्या उन्हाळ्यातील पाण्यावर घातलेला घाव ठरतो.

पाणी

बालाघाटाचा खडक काळा पाषाण आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. दिवाळीत वाहणारा झरा संक्रांतीनंतर आटलेला असू शकतो. नकाशावरील निळी रेघ पाहून पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला किमान चार-पाच लिटर पाणी सोबत न्यावे.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटरचा निकष धरला जातो. त्यातच पिणे, स्वयंपाक, धुणे आणि अनेकदा जनावरेही भागवावी लागतात. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या २०१६ मध्ये बीडच्या डोंगरावरील वाड्यांची अवस्था निराळी नव्हती. हे लक्षात घेता मार्च ते जून या काळात वस्तीच्या विहिरीवरून आंघोळीसाठी पाणी घेणे हे कायद्याने नसले, तरी माणुसकीने गैर आहे. झऱ्यात साबण लावून अंघोळ करणे किंवा भांडी घासणे वर्षभर टाळावे, कारण खाली कोणाची तरी घागर भरली जात असते.

शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा व नंतर तो मातीने बुजवावा, असा जगभरचा संकेत आहे. माथ्यावरील मुरमात इतकी खोल माती अनेकदा मिळत नाही. त्यामुळे सोबत खुरपे ठेवावे आणि बांधालगतची मातीची जागा शोधावी. कागद व प्लॅस्टिक परत न्यावे.

विस्तव

कुसळी गवत पौषात वाळून कोळ होते आणि वारा लागताच एखादी ठिणगी संपूर्ण टेकडी काळी करते. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. या काळात डोंगरात शेकोटी करूच नये. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी गिरिभ्रमणाला गेलेला गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांनी निवडलेल्या वाटेसाठी परवानगी घेतलेली नव्हती. म्हणजेच आपण तेथे आहोत याची खबर वन विभागाला नव्हती. परवानगीचा कागद सुटकेसाठीही लागतो, हा त्या घटनेचा धडा आहे.

येथे वणव्याचे नुकसान केवळ झाडांचे नसते. जळालेला माळ म्हणजे गुरांचा उन्हाळ्याचा चारा गेला आणि मेंढपाळाचा पुढचा मुक्काम हुकला. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डोंगरातील ही झाडे वणव्यात होरपळली, तर ती फळे वेचून विकणाऱ्या कुटुंबांचा हंगाम बुडतो. मुक्कामी माणसाने लहान गॅस शेगडी वापरावी. शेतकऱ्याच्या परवानगीने चूल पेटवायचीच असेल, तर उघड्या मुरमावर, भोवतालचे गवत साफ करून पेटवावी आणि निघताना राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतावे.

साप, विंचू आणि बिबट्या

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. मुक्कामाच्या दृष्टीने त्यांपैकी मण्यार सर्वाधिक घातक. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते आणि दंश इतका नाजूक असतो, की अनेकदा जाग येत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे आणि श्वास लागणे ही लक्षणे दिसतात. म्हणून उघड्या चटईवर झोपू नये. साखळीने पूर्ण बंद होणारा तंबू किंवा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी वापरावी. बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत.

दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. अवयव स्थिर ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. उपलब्ध प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील दोन मोठी उपचार केंद्रे होत. मुक्कामाच्या जागेपासून यांपैकी जवळचे कोणते आणि रात्री तेथे कसे पोहोचायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

दगड उचलताना विंचवाचे भान ठेवावे. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन पूर्वी अनेक मृत्यू होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त असल्याचे दाखवून दिले आणि हे मृत्यू मोठ्या प्रमाणात आटोक्यात आले. घाम फुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे न्यावे.

लांडगा, तरस, कोल्हा, रानडुक्कर, चिंकारा आणि काळवीट यांचा या भागात वावर आहे. बिबट्याही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत आठवडाभरात तिघांचा बळी गेला. त्यानंतर शेजारच्या करमाळा तालुक्यातही हल्ले झाले आणि डिसेंबरमध्ये तेथे त्या बिबट्याला गोळी घालून ठार करण्यात आले. बिबट्या एरवी माणसाला टाळतो आणि असे प्रसंग विरळा असतात. तरीही अंधारात एकट्याने शौचाला न जाणे, लहान मुलांना मधोमध झोपवणे, उष्टे-खरकटे तंबूबाहेर न टाकणे ही पथ्ये पाळावीत. त्या परिसरात अलीकडे बिबट्या दिसला असेल, तर मुक्कामच रद्द करावा.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुक्कामासाठी उत्तम काळ. थंडीत किमान तापमान अनेकदा दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि उघड्या पठारावर वाऱ्यामुळे गारठा त्याहून अधिक जाणवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. मृगाच्या आधीचे वळीव आणि परतीचा पाऊस या दोन्ही वेळी विजांचा धोका मोठा असतो. माळावर एकटे झाड असेल, तर त्याखाली थांबू नये आणि माथा सोडून खाली यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप विजांची पूर्वसूचना देते. मात्र दऱ्यांत संपर्क तुटतो, हे ध्यानात ठेवावे.

गावाला सांगून

अनोळखी माणसे रात्री डोंगरात दिवे घेऊन फिरताना दिसली, की गावात शंका निर्माण होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्यांची हत्या केली. पालांत राहणाऱ्या जमातींवर ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, पण मुक्कामी माणसाकडे पाहण्याची संशयी नजर पुरती गेलेली नाही. शहरातील पर्यटकाजवळ ओळखपत्र, मोटार आणि फोन असतो. पालातल्या माणसाजवळ बहुतेकदा केवळ त्याचा शब्द असतो.

म्हणून दिवस असतानाच गावात जाऊन सरपंच, पोलिस पाटील किंवा जवळच्या वस्तीवरील ज्येष्ठ माणसाला भेटावे. आपण कोण, किती जण, कोठे आणि किती रात्री राहणार, हे सांगावे. गावाच्या दुकानातून तेल-मीठ घ्यावे. ध्वनिवर्धक लावू नये, मद्यपान करू नये. पैसे घेऊन सहली नेणाऱ्या आयोजकांसाठी राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण असून त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी अपेक्षित आहे. अशा आयोजकासोबत जाताना नोंदणी आणि जागेच्या परवानगीची विचारणा अवश्य करावी.

थोडक्यात

- जमिनीचा प्रकार आधी तपासावा. वन व अभयारण्यासाठी वन विभागाची, गायरानासाठी ग्रामपंचायतीची, इनाम जमिनीसाठी देवस्थानची, शेतासाठी मालकाची परवानगी घ्यावी.
- एका जागी एक किंवा दोनच रात्री राहावे. गट लहान असावा.
- पाणी सोबत न्यावे. पात्रात तंबू टाकू नये.
- फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत शेकोटी पूर्ण बंद.
- तंबू किंवा मच्छरदाणी बंद करूनच झोपावे.
- वन विभागाची मदतवाहिनी १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक लिहून ठेवावेत.
- आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यावी.

मेंढपाळांचा वाडा सकाळी निघून जातो, तेव्हा मागे काळे पडलेले तीन दगड आणि लेंड्यांचा पातळ थर उरतो. पुढच्या पावसाळ्यात तेवढा तुकडा इतर रानापेक्षा अधिक हिरवा दिसतो. त्यामुळेच शेतकरी त्या वाड्याची वाट पाहतो. हौसेने आलेल्या मुक्कामी माणसाला जमिनीला असे काही देता येणार नाही. आपल्यामागे काहीही न ठेवता जाणे मात्र त्याच्या हातात आहे, आणि पुढच्या खेपेला गावाने त्याला ओळखावे, यासाठी तेवढे पुरेसे आहे.